सोळा इंच की सतरा? स्विफ्टला अलॉय बसवण्याआधी काय मोजायचं

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीच्या १४ इंची लोखंडी रिम्स, त्यांवर १६५/८० आर १४ टायर. टायर झिजलेत, तेव्हा याच खर्चात अलॉयही (मिश्रधातूच्या रिम्स) उरकून घ्यावेत असा विचार. एक दुकानदार १७ इंची, ७ जे (म्हणजे ७ इंच रुंद), ईटी ३५ची (ईटी म्हणजे ऑफसेट, तो पुढे समजावतो) रिम दाखवतो आणि म्हणतो, ‘सर जी, चार होल, सौ का पीसीडी, डायरेक्ट बैठेगा.’ (पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मिमीमध्ये.) दुसरा म्हणतो सोळाच्या वर जाऊ नका, पण का ते सांगत नाही. गाडी रोज विजयनगरला ऑफिसला जाते आणि वर्षातून एक-दोनदा घरचे पाचही जण सामानसुमानासकट पुण्याला.

आधी उत्तर, कारणं मागून. सतरा सोडून द्या. सगळ्यांत निर्धोक म्हणजे १५ इंची रिम आणि १८५/६५ आर १५ टायर, कारण तोच माप कंपनी तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला देते. दिसायला थोडं भरदार हवंच असेल तर १६ इंच, ६ जे, ईटी ४० ते ४५, आणि टायर १९५/५५ आर १६. त्यापलीकडे जाऊन तुमच्या वापरात काही हाती लागणार नाही.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. चार भोकं आहेत, पीसीडी शंभर आहे, रिम हबवर (गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्यावर) चढेल, नट आवळले जातील, गाडी दुकानाबाहेरही पडेल. पण गाडीला रिम मानवते की नाही हे आणखी पाच-सहा गोष्टींवर ठरतं आणि त्यांतली एकही रिम भिंतीवर टांगलेली असताना दिसत नाही. पिथमपूरला कारखान्यात चाकांच्या तपासणीवर बरीच वर्षं काढली, आता अन्नपूर्णा रोडला अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं काम करतो. माझ्याकडे ‘स्टिअरिंग थरथरतंय’, ‘वळताना घासतंय’, ‘बेअरिंग घुमतंय’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत बाहेरून बसवलेल्या रिम्सच्या गाड्या नेहमीच जास्त असतात, आणि पीसीडी त्या सगळ्यांचा बरोबर असतो.

सुरुवात रिमपासून करायचीच नाही, टायरपासून करायची. १६५/८० आर १४ म्हणजे टायर १६५ मिमी रुंद, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. ती वर आणि खाली मिळून २६४, मधे १४ इंचांची रिम म्हणजे ३५५.६. एकूण चाक ६१९.६ मिमी उंच. आता हाच हिशेब १८५/६५ आर १५ला लावा, ६२१.५ येतं. १९५/५५ आर १६ला ६२०.९. आणि सतरावर जो टायर बसवतात त्या २०५/४५ आर १७ला ६१६.३. म्हणजे उंचीत सतराही पास होतो. दुकानात मोबाइलवर जो हिशेब दाखवतात तो इथवरचाच असतो.

चाक तेवढंच उंच ठेवून रिम मोठी केली, तर कमी होतं ते रबर. बाजूची भिंत १३२ मिमीवरून १५ इंचीला १२०, १६ला १०७ आणि १७ला ९२ मिमी. सध्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायर आधी स्वतः दबतो, आणि पुरता दबला की मग मार रिमच्या काठावर जातो. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी थर तिच्याबरोबर हलत राहतो. २०१७ ते २०२३ स्वच्छतेतला पहिला नंबर आपण सोडला नाही (शेवटच्या वर्षी सुरतसोबत वाटून घेतला), पण झाडून स्वच्छ केलेला खड्डाही खड्डाच असतो. त्यात मेट्रोचं खोदकाम आणि प्रत्येक कॉलनीत हौसेने टाकलेले स्पीडब्रेकर. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे गाडी चालवणार असाल तर खुशाल १७ घाला. भंवरकुआं, नवलखा, पलासिया असं रोज जायचं असेल तर ते चार सेंटिमीटर रबर जवळ ठेवा.

टायरवर आकाराच्या पुढे आणखी एक आकडा असतो, ८५ किंवा ८८ असा. तो वजनाचा. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचे, ८८ म्हणजे ५६०, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. तुमच्या १४ इंचीवर बहुतेक ८५ असेल. १९५/५५ आर १६ साधारण ८७ मध्ये मिळतो, म्हणजे चढताच. २०५/४५ आर १७ मात्र साध्या प्रकारात ८४चा येतो, म्हणजे मोठं चाक घालून वजन पेलायची ताकद कंपनीच्या टायरपेक्षा कमी. याच मापात जादा वजनाचा ‘एक्सएल’ टायर ८८चा येतो, पण तेवढं वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते, आणि मग गाडी दगडासारखी उडते. पाच माणसं, मागे बॅगा आणि मानपूरचा उतार, पुढे सेंधव्याजवळचा बिजासन घाट, तोही मे महिन्याच्या उन्हात. तिथे टायरच्या वजनाच्या आकड्यात तडजोड नको.

एक हमखास होणारी गोष्ट सांगून ठेवतो. तुम्ही १९५/५५ आर १६ मागाल आणि दुकानदार म्हणेल, ‘वो अभी नहीं है, साठ वाला ले लो, सेम है.’ सेम नाही. १९५/६० आर १६ची उंची ६४०.४ मिमी होते, म्हणजे तब्बल दोन सेंटिमीटर जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा आधीच्या मानाने गाडी १०३च्या वर असेल, किलोमीटर कमी मोजले जातील, पिकअप मंदावेल आणि मडगार्डमधली जागा सेंटिमीटरने घटेल. साठचा टायर वाईट नाही, तुमच्या गाडीचा नाही एवढंच.

आता ऑफसेट. सगळा घोळ खरा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारा तिचा सपाट भाग, यांच्यातलं अंतर मिमीमध्ये मोजलं की तो ईटी. सपाट भाग मध्यापासून जितका बाहेरच्या बाजूला, तितका ईटी मोठा आणि तितकं चाक गाडीच्या आत. ईटी कमी केला की चाक बाहेर येतं. रुंदी वाढवली की दोन्हीकडे वाढतं. या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की नुसत्या नजरेने अंदाज लागत नाही, कागदावरच मांडावं लागतं.

समजा तुमच्या सध्याच्या रिमवर ५ जे आणि ईटी ४५ असं आहे. (समजाच म्हणतोय. जॅक लावून एक चाक उतरवा आणि स्वतःच्या रिमच्या आतल्या बाजूचा आकडा वाचा, हिशेब त्यावरच करायचा.) ५ इंच म्हणजे १२७ मिमी, त्याचे निम्मे ६३.५. हबच्या टेकणीपासून रिम आतल्या बाजूला ६३.५ अधिक ४५ म्हणजे १०८.५ मिमी जाते, बाहेरच्या बाजूला ६३.५ वजा ४५ म्हणजे १८.५. आता ७ जे, ईटी ३५ घ्या. ७ इंचांचे निम्मे ८८.९. आत १२३.९, बाहेर ५३.९. म्हणजे आधीपेक्षा पंधरा मिमी आत शॉकअपकडे आणि पस्तीस मिमी बाहेर मडगार्डकडे. पस्तीस मिमी म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून बरंच जास्त. मागे दोन माणसं बसली आणि गाडी गतिरोधकावरून खाली आली की मागच्या मडगार्डची आत वळवलेली पत्र्याची कड टायरचा खांदा सोलते. अशा टायरवर एकसारखी, गोल फिरणारी चीर दिसते. ती पाहिली की बाकी काही विचारावं लागत नाही.

तीच गोष्ट ६ जे, ईटी ४५ची केली तर आत आणि बाहेर दोन्हीकडे १२.७ मिमी. ६ जे, ईटी ४० असेल तर आत ७.७, बाहेर १७.७. हे गाडी सोसते, आणि बाहेरून चाक मडगार्डच्या रेषेच्या जवळ आल्यामुळे दिसतंही नेटकं. १९५/५५ आर १६ला ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते आणि टायर मोजताना ६ इंचीच धरतात, म्हणून ६ जे सांगितलं.

रिमवर ईटी कोरलेला नसेल तर तो काढता येतो. रिम पालथी ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या टेकणीपर्यंतची खोली मोजा. त्यातून रिमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतच्या पूर्ण रुंदीचं निम्मं वजा करा. उरेल तो ईटी. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानातल्या पोराला करायला सांगू नका, स्वतः करा.

घासणं हा ऑफसेटचा फक्त दिसणारा त्रास. न दिसणारा असा की ईटी ४५चा ३५ केला की टायर जमिनीला टेकतो ती जागा दहा मिमी बाहेर सरकते. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षावर वळतं त्याचं आणि या जागेचं नातं कंपनीने ठरवून दिलेलं असतं. ते मोडलं की खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं, ब्रेक मारताना एखादं चाक ओल्यात गेलं की गाडी बाजूला जाते, आणि बेअरिंगवर वाकडा भार पडत राहतो. बेअरिंग लगेच जात नाही. जाईल तेव्हा तुम्ही रिमला दोष देणारही नाही. दहा मिमीचा स्पेसर (हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) घातला तरी हेच होतं, म्हणून ‘शॉकअप को लग रहा है तो स्पेसर डाल देते हैं’ असं कुणी म्हटलं की ती रिम तिथेच ठेवून या.

पीसीडीबद्दल थोडंसंच. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. तुमची १००. आठ भोकांच्या, म्हणजे शंभर आणि एकशेआठ दोन्ही असलेल्या रिम्स दुकानात पुष्कळ असतात, दिसायला चाळणी पण चूक काही नाही. घोटाळा होतो तो जवळजवळच्या मापांत. फियाटच्या पुंटो-लिनियाचा पीसीडी ९८, त्यावर शंभरची रिम जोर लावून चढवलेली मी पाहिली आहे. प्रत्येक बोल्ट एक मिमीने तिरका बसतो आणि कायम ताणाखाली राहतो. पाच भोकांत क्रेटाचा ११४.३ आणि ऑक्टाव्हियाचा ११२. शेजारशेजारच्या भोकांतलं अंतर मोजलंत तर फरक जेमतेम दीड मिमीचा, शिंप्याच्या टेपने तो कळायचा नाही, व्हर्नियर लागतो.

मधल्या भोकाकडे मात्र कुणी बघत नाही. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा आहे आणि कंपनीच्या रिमचं भोक त्यावर नेमकं बसतं, चाक आपोआप मध्यावर येतं. बाहेरच्या रिम्स अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, ७३.१ हे नेहमीचं माप. म्हणजे व्यासात १९ मिमीची फट. ती भरायला हबरिंग लागते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१, प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची. रिमच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही, तरी ती देत नाहीत, कारण गिऱ्हाईक मागत नाही.

अशीच एक आय-ट्वेन्टी आली होती. बायपासला ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरायचं, त्याच्या वर-खाली ठीक. मालकाने पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेतलेलं, रिमच्या आत चिकटवलेल्या वजनांची रांगच लागली होती. मशिनवर चाक चढवलं तर दोन्ही बाजूंना शून्य. शून्य येणारच, कारण बॅलन्सिंगचं मशीन चाक पकडतं ते मधल्या भोकात शंकू घालून, तिथे ते अगदी मध्यावर असतं. गाडीवर मात्र त्याला मध्यावर आणायला चार नटांशिवाय कुणी नाही. चाक काढून हब पाहिला तर रिम टेकल्याचा चकचकीत डाग एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, चंद्रकोरीसारखा. रिंग नव्हतीच. आय-ट्वेन्टीचा हबही ५४.१चाच, रिंग घातली, चाक हवेत ठेवून नट समोरासमोर आवळले, वजनं काढून नव्याने बॅलन्सिंग केलं, थरथर गेली.

यात एक गोष्ट दुकानदारांच्या बाजूनेही सांगायला हवी. गाडीचं वजन रिंग पेलत नाही. ते पेललं जातं नटांनी रिम हबवर घट्ट दाबली जाते त्या दाबाने. शंकूच्या नटांनी चाक बऱ्यापैकी मध्यावर येतंही, पण हळूहळू, समोरासमोर आवळलं तर. आपल्याकडे गाडी जॅकवर अर्धवट उतरवून हवेच्या गनने पहिलाच नट ‘टर्रर्र’ करून पुरता आवळतात, चाक त्या बाजूला ओढलं जातं आणि उरलेले नट ते तसंच धरून ठेवतात. रिंग असली की एवढ्या घाईतही चाक मध्यावर राहतं.

नटांचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक म्हणजे आटे. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १२ × १.२५चा (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) बारीक आटा असतो, ह्युंदाई, होंडा, टोयोटाला १२ × १.५चा, फोक्सवॅगन पोलोला तर नटच नाहीत, १४ × १.५चे बोल्ट. तुमचा एक नट किंवा बोल्ट खोलून खिशात घालून दुकानात जा, आणि नवा नेहमी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, गनने नाही. दुसरं म्हणजे टेकण्याचा आकार. बाहेरच्या अलॉयना बहुतेक ६० अंशांचा शंकू लागतो. होंडाच्या मूळ नटाचं तोंड गोलसर असतं, टोयोटाच्या मूळ अलॉयचा नट सपाट वॉशरवर टेकतो. गोल तोंडाचा नट शंकूच्या खाचेत घातला तर तो केसाएवढ्या एका रेषेवर टेकतो. आवळला गेल्यासारखा वाटतो आणि दोनशे किलोमीटरवर सैल होतो. आट्यांत नट किती खोल जातो तेही मोजा. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या हबमधल्या आटेदार खुंटाच्या, जाडीएवढा तरी जायला हवा, म्हणजे १.५च्या आट्याला साधारण आठ फेरे, १.२५ला साडेनऊ. अलॉयचा टेकायचा भाग लोखंडी रिमपेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे जुने नट कधीकधी चार-पाच फेऱ्यांतच थांबतात.

आता चाचणी. रिमवर टायर चढवण्याआधी नुसती रिम गाडीला लावून बघायची, हे दुकानदाराकडून पैसे देण्याआधी कबूल करून घ्या. टायर चढला की ती रिम ‘वापरलेली’ होते आणि कुणी परत घेत नाही. घरून कणकेचा छोटा गोळा घेऊन जा. (हसतील. हसू द्या.) पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेकची चकती चिमटीत धरणाऱ्या भागाच्या) सर्वांत बाहेर आलेल्या जागी कणकेची गोळी चिकटवा, रिम लावा, दोन नट हाताने आवळा, चाक एक फेरा फिरवा, काढा. गोळी दबून जेवढी उरली तेवढी जागा. तीन मिमीच्या खाली नको, कारण ब्रेक तापतात आणि रिम थोडी लवतेही. रिम मोठी आहे म्हणून कॅलिपरला लागणार नाही असं गृहीत धरू नका, आरे आत वळलेले असले तर सतराही लागते. मग टायर चढवल्यावर शॉकअपच्या नळीपाशी टायरच्या आतून करंगळी सहज जाते का पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून आतलं प्लॅस्टिकचं अस्तर बघा, आणि मागे दोन धडधाकट माणसं बसवून एखाद्या गतिरोधकावरून जाऊन या. रिकाम्या गाडीवरची चाचणी पुण्याच्या प्रवासाला उपयोगाची नाही.

रिमच्या दर्जाबद्दल. आरे किती चकाकतात ते सोडा, रिम पालथी करा. आतल्या बाजूला माप, ईटी, एका चाकाने पेलायचं कमाल वजन आणि बनवणाऱ्याची खूण ओतलेली हवी. आयएसआयची खूण पाहा. ‘जेडब्ल्यूएल’ हे जपानी मानकाचं चिन्ह बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर टाकतो, त्याच्या जोडीला ‘व्हीआयए’ असेल तर बाहेरच्या संस्थेकडे चाचणी झालेली असते, पण साच्यात दोन अक्षरं कोरायला काही लागत नाही, तेव्हा नुसत्या चिन्हावर भाळू नका, बिल द्यायला तयार असलेल्या आणि बनवणाऱ्याचं नाव सांगू शकणाऱ्या माणसाकडून घ्या. चांगल्या रिमची तीन प्रकारे परीक्षा होते. वळणावर पडतो तसा वाकवणारा भार देऊन लाखो फेरे फिरवतात, वजनाखाली ढोलावर चालवतात, आणि १३ अंशांनी तिरकी ठेवून तिच्या काठावर वजन सोडतात. ही शेवटची चाचणी म्हणजे आपला रोजचा खड्डा.

‘अलॉय म्हणजे हलकं’ ही समजूत ओतीव स्वस्त रिमला लागू नाही. तुमच्या १४ इंची लोखंडी रिमच्या जागी आलेली स्वस्तातली १७ इंची ओतीव रिम बहुधा जडच भरेल. दुकानात वजनकाटा असतो, ठेवून बघा.

वापरलेल्या रिम्स घेण्यावर माझी सरसकट बंदी नाही. एखाद्याने नवी झेडएक्सआय, म्हणजे स्विफ्टचं वरचं मॉडेल, घेऊन लगेच मोठ्या रिम्स चढवल्या असतील, तर त्याने काढून ठेवलेल्या कंपनीच्या १५ इंची अलॉय हा तुमच्यासाठी सगळ्यांत चांगला सौदा. ईटी, हबचं भोक, नटाची टेकणी, काहीच जुळवावं लागत नाही. फक्त आतल्या गोलाईवर ताजा रंग मारलेला असेल तर सावध व्हा. त्याखाली वेल्डिंग असतं. अलॉय रिम उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली असते, त्यातला शेवटचा टप्पा दीड-दोनशे अंशांच्या आसपासचा. त्यावर वेल्डिंगची ज्योत किंवा वाक काढायला गॅसचा बर्नर लावला की त्या पट्ट्यातली ताकद गेली, रिम पुन्हा गोल दिसली तरी. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते, ओतीव अलॉयला तो उपाय नाही. अशी रिम नंगीच बॅलन्सिंग मशिनवर चढवून फिरवायला सांगा आणि आतल्या काठापाशी पेनचं टोक स्थिर धरा. काठ पेनपासून दूर-जवळ होत असेल तर रिम ‘आउट’ आहे.

कायद्याचं एवढंच की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं. १८५/६५ आर १५ हा तुमच्या मॉडेलमालिकेचाच माप असल्याने त्यावर बोट ठेवायला फारशी जागा राहत नाही, चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर मात्र कुणालाही लांबूनच दिसतं. विमा कंपनीला लेखी कळवा आणि रिम्स पॉलिसीत चढवून घ्या, नाहीतर चोरीला गेल्या तर चार लोखंडी रिम्सचेही पैसे वाद घालून घ्यावे लागतील.

बसवण्याच्या दिवशी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला सांगा, तो न काढता बसवलेली रिम कधीच सपाट टेकत नाही. नट चाक हवेत असताना हाताने, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), समोरासमोर. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, तुमचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावायचा, नवा अलॉय थोडा बसतो. अलाइनमेंट त्याच दिवशी.

स्टेपनी १४ इंची लोखंडीच राहू द्या, चाकाची उंची जवळपास सारखी असल्याने पंक्चरच्या वेळी गावापर्यंत नेते. पण अलॉयसाठी घेतलेले नट त्या लोखंडी रिमला नीट टेकतात का हे घरासमोर एकदा लावून बघा, आणि टेकत नसतील तर जुने चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा. रिम्सचे आतल्या बाजूचे फोटो आणि तुमच्या जुन्या रिमवरचा ईटी कळवलात तर ४० घ्यायचा की ४५, तेवढं सांगतो.